आपल्या भागात जैन धर्म राहिला, बौद्ध धर्म गेला. असं का?

टिळकवाडीकर
दोन्ही धर्म मगधाच्या आसपासचे. महावीर आणि बुद्ध यांच्या काळात फार तर एखाद्या पिढीचं अंतर. दोघांनी वेद प्रमाण मानले नाहीत, यज्ञातली हिंसा नाकारली, घरदार सोडून फिरणाऱ्या साधूंचा संघ उभा केला. कर्म आणि पुनर्जन्म दोघांकडे आहेत. दक्षिणेतही दोघे साधारण मागेपुढेच आले. भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्य श्रवणबेळगोळला आले असं जैन परंपरा सांगते. अशोकाच्या काळात रक्खित थेर बनवासीला आला असं सिंहलद्वीपातला महावंस सांगतो. म्हणजे सुरुवात बरोबरीची.

मग आज चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी कुठल्याही बाजूला निघा, गावोगाव बस्ती म्हणजे जैन मंदिर दिसतं, ऊस आणि तंबाखू करणारे जैन शेतकरी दिसतात. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती उभी आहे. जुना बौद्ध विहार म्हणून पाहुण्याला दाखवावं असं मात्र आपल्याकडे काहीच नाही. थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी लोक मुंडगोडचे, आणि ती वसाहतही १९६६ची.

राजाश्रय गेला, शंकराचार्य आले, परकी आक्रमणं झाली ही तीन उत्तरं मी ऐकलेली आहेत. ती दोन्ही धर्मांना सारखीच लागू पडतात, म्हणून त्यांनी माझं समाधान होत नाही. जाणकारांनी लिहावं.

कुंदाप्रेमी
मी पहिला! कुंदा घेऊन बसलोय, चालू द्या.

सीमावासी
"आपल्या भागात" म्हणजे नक्की कुठल्या राज्यात, ते आधी ठरवूया. (ह. घ्या.)

संपादक मंडळ
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो अजून उघडा आहे. इथे इसवी सन १९५६च्या आधीचं आणि धर्माविषयीच लिहावं.

भीमकन्या_निपाणी
संपादक, १९५६च्या आधीचंच लिहायचं असेल तर मग मी काय लिहू? माझ्या घरातला धर्म १४ ऑक्टोबर १९५६चा आहे. बाकी नंतर लिहिते, ड्यूटीवर आहे.

कुंदाप्रेमी
संपादक क्लीन बोल्ड.

शेडबाळचा पाटील
मी काही इतिहास शिकलेला माणूस नव्हे. खरं मुनी महाराज गावात आले की काय होतं ते लहानपणापासून बघालोय, त्यावरून सांगतो.

दिगंबर मुनी वाहनात बसत नाहीत. अनवाणी चालतात. स्वतः शिजवत नाहीत, पैसा बाळगत नाहीत, मागून घेत नाहीत. दिवसातून एकदाच आहार, तोही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. त्यासाठी श्रावकाच्या म्हणजे गृहस्थ जैनाच्या घरी चौका लावावा लागतो. पाणी गाळून, तापवून ठेवायचं, धान्य निवडून घ्यायचं, सोवळ्यातच स्वयंपाक करायचा. मग नवराबायको दारात कलश घेऊन उभे राहतात आणि महाराजांना बोलावतात, त्याला पडगाहन म्हणतात. महाराजांनी मनात धरलेली खूण त्या दारात जुळली तरच ते थांबतात. ओंजळीत केस किंवा किडा निघाला की अंतराय. हात सोडून तसेच उपाशी परत. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही.

आता विचार करा. असा साधू कुठं जाऊ शकतो? एका दिवसाच्या चालीवर चौका लावणारं घर आहे तिथंच. श्रावक नसलेल्या मुलखात चार दिवस काढणं मुश्कील. त्यामुळे महाराजांना गाव सोडून चालत नाही आणि गावालाही महाराज आले की सगळी कामं सोडून नियम पाळावे लागतात. आमच्या घरात एरवी धर्माचं नावही न काढणारी पोरं चातुर्मासात रात्री जेवत नाहीत. का? शेजारी चौका असतो, लाज वाटते.

माझ्या मतानं जैन धर्म टिकला तो ह्या बांधलेपणामुळं.

अनुराधा_शहापूर
पाटील अण्णांनी अगदी मर्मावर बोट ठेवलं. मी शाळेत इतिहास शिकवत होते, म्हणून जरा पुरावा जोडते, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे.

खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. तिथे एकोणिसाव्या शतकात ताम्रपट सापडले, इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते वाचून छापले. पाचव्या-सहाव्या शतकातले आहेत. कदंब राजे स्वतः मानव्य गोत्राचे ब्राह्मण. पण मृगेशवर्म्याने पलाशिकेत जिनालय बांधलं आणि यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक या तीन जैन संघांना जमीन दिली. त्याचा मुलगा रविवर्मा याच्या ताम्रपटात तर असं आहे की पावसाळ्याचे चार महिने यापनीय तपस्व्यांच्या आहाराची सोय व्हावी आणि जिनेंद्राचा उत्सव आठ दिवस चालावा.

म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी इथल्या राजाला चातुर्मासातल्या जेवणाची व्यवस्था लावून द्यावीशी वाटली. आजही शेडबाळला तीच व्यवस्था चालते, फक्त राजाच्या जागी पाटील आहेत.

शेडबाळचा पाटील
बाई, राजा म्हणालात, आता ऊसबिल थकलंय ते पण सांगू काय?

पुणेस्थित_बेळगावी
एक बाळबोध शंका. नांगर धरला की किडे मरणारच. मग अहिंसा परमधर्म मानणारे शेती कशी करतात? पुण्यात माझे जैन मित्र सगळे व्यापारी. "जैन शेतकरी" म्हटलं की इथे लोकांना पटतच नाही.

शेडबाळचा पाटील
तुमच्या मित्रांना एकदा सांगली-कोल्हापूर-चिकोडी फिरवून आणा. आमच्यात चतुर्थ म्हणतात ते बहुतेक शेतकरीच.

शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. संकल्पी म्हणजे ठरवून मारणं. आरंभी म्हणजे घरकाम, स्वयंपाक यात होणारी. उद्योगी म्हणजे पोटापाण्याच्या धंद्यात होणारी, शेती त्यात आली. विरोधी म्हणजे स्वतःला, गावाला वाचवताना होणारी. मुनींना चारही वर्ज्य. गृहस्थानं संकल्पी सोडायची, बाकीची होईल तितकी कमी करायची. शिवाय पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनीच लोकांना असि (शस्त्र), मसि (लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कामं शिकवली असं आम्ही मानतो. मग शेतीला नाव कसं ठेवणार?

तंबाखूचं मात्र विचारू नका. त्यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत.

पुणेस्थित_बेळगावी
हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद अण्णा.

उद्यमबाग
मी फाउंड्रीवाला. धर्मातलं फारसं कळत नाही, पण कामासाठी चीनला जाणं होतं म्हणून लिहितो.

तिथे दुकानात, हॉटेलात, कारखान्याच्या कोपऱ्यात एका देवीची मूर्ती असते. पांढरा पदर, हातात कुपी. नाव ग्वानयिन. आमच्या सप्लायरने सांगितलं की ही मूळची तुमच्याकडची. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व, भारतात पुरुषरूपात, तिकडे जाऊन स्त्रीरूप झाला. करुणेची देवता म्हणून तिकडच्या बायका तिच्याकडे मूल मागतात.

बुद्धाचं असं झालंय की बीड वितळून ज्या साच्यात ओतलं त्याचा आकार घेतला. चीनमध्ये गेला तर तिथल्या पितरपूजेशी जमवून घेतलं, ताओ मताच्या शब्दांत स्वतःला सांगितलं. जपानात शिंतो देवळाच्या शेजारी राहिला. तिबेटात तिथल्या जुन्या देवांना रक्षक करून ठेवलं. असा जुळवून घेणारा धर्म बाहेर पसरणार आणि घरी विरघळणार, असं मला वाटतं. पाटील अण्णांचा धर्म साच्यात बसायलाच तयार नाही.

खानापुरी
उद्यमबाग, तुमच्या ग्वानयिनचा भाऊबंद आपल्या जवळच आहे. मंगळूरला कद्रीचं मंजुनाथाचं देऊळ बघा. तिथे लोकेश्वराची म्हणजे अवलोकितेश्वराची मोठी कांस्यमूर्ती आहे. तिच्यावरच्या लेखाचं साल ९६८, आळुप राजा कुंदवर्म्याच्या वेळचा लेख. आज ते देऊळ शिवाचं आणि शेजारचा मठ नाथपंथी जोग्यांचा.

आता खानापूरचा संबंध. आमच्या तालुक्यात जंगलात हंडीबडंगनाथाचा मठ आहे. त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा झाला की बारा वर्षांतून एकदा नाथ जोग्यांची झुंडी तिथून पायी निघते आणि कद्रीला जाते. तिथे नवा राजा म्हणजे मठाधिपती गादीवर बसतो. वाटेत ही झुंडी आमच्याकडे थांबते. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून मी ती बघितलीय, त्या वेळी कानातल्या जाड कुंडलांची भीतीच वाटली होती.

मला वाटतं बौद्ध धर्म कुठे गेला याचं एक उत्तर ही वाट आहे. शेवटच्या काळात बौद्धांचा वज्रयान हा तांत्रिक पंथ आणि नाथांचा योग इतके जवळ आले होते की चौऱ्याऐंशी सिद्धांच्या तिबेटी यादीत मत्स्येंद्र आणि गोरक्ष दोघेही येतात. मठ तोच, धुनी नवी.

कुंदाप्रेमी
धाग्याची दिशा: मगध ते उद्यमबाग व्हाया चीन, मंगळूर, खानापूर. पुढचा स्टॉप सांगा, उतरायचंय.

भीमकन्या_निपाणी
ड्यूटी संपली. आता सविस्तर.

"विरघळला", "जुळवून घेतलं", "मठ तोच, धुनी नवी" हे ऐकायला गोड आहे. पण विरघळणारा कोण आणि विरघळवणारा कोण, हे कुणीच विचारलं नाही. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार केलं, आणि काही पुराणांत तर असंही लिहिलं की असुरांना चुकीची शिकवण देऊन फसवण्यासाठी हा अवतार झाला. याला जुळवून घेणं म्हणायचं? म्हणूनच बाबासाहेबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे.

दुसरं. "बौद्ध धर्म गेला" हे शीर्षकच मला मान्य नाही. २०११च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे ८४ लाख आहेत, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख. मग टिकला कोण? आमच्या निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली. त्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर बुद्धविहार आहेत. टिळकवाडीकर, पाहुण्यांना दाखवायला काही नाही म्हणता, आमच्या गल्लीत या. वैशाख पौर्णिमेला खीर पण मिळेल.

टिळकवाडीकर
ताई, शीर्षकात "जुना" हा शब्द घालायला हवा, तो संपादकांना सांगून घालून घेतो. खिरीचं आमंत्रण पक्कं समजतो. पण प्रश्न मधल्या काळाचाच आहे. साधारण बाराव्या शतकापासून १९५६ पर्यंत इथे बौद्ध म्हणवणारं घर नव्हतं, जैन म्हणवणारं होतं. तो फरक कशाने पडला?

भीमकन्या_निपाणी
जातीनं. दोन शब्दांत सांगते, बाकी अनुराधाबाई सांगतीलच. जैनांनी जात स्वीकारली, म्हणून त्यांना गावात जागा राहिली.

शेडबाळचा पाटील
ताई, झोंबलं. खरं नाही कसं म्हणू? चतुर्थ, पंचम, शेतवाळ, कासार, आमच्यातही जाती आहेतच. माझ्या आजीच्या वेळी पंचमांशी सोयरीक होत नव्हती.

अनुराधा_शहापूर
भीमकन्याताईंच्या दोन शब्दांत बरंच आहे, त्याचा थोडा विस्तार करते.

आपल्या टापूत बौद्ध धर्म एकदम नाहीसा झालेला नाही. गदगजवळ डंबळला १०९५चा शिलालेख आहे, सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. व्यापाऱ्यांनी तिथे बुद्धाचा आणि तारादेवीचा विहार बांधून त्याला देणगी दिल्याचं त्यात आहे. म्हणजे अकरावं शतक संपत आलं तरी बेळगावपासून गाडीने तीन-चार तासांवर भिक्खू राहत होते. बळ्ळिगावीलाही त्याच शतकात विहार होता. पण देणगीदार कोण ते बघा: व्यापारी श्रेणी, राणी, मंत्री. मागे गेलं तरी तेच. कराडजवळची आगाशिवची लेणी, कार्ले, जुन्नर, सगळी घाटवाटांवर आणि व्यापारी मार्गांवर. कलबुर्गीकडे सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला स्तूप निघाला, त्यावर अशोकाची प्रतिमा आहे, खाली त्याचं नाव कोरलेलं, तोही भीमेकाठच्या मोठ्या वस्तीचा.

बौद्ध भिक्खूला दान देणारा माणूस घरात लग्न, बारसं, अंत्यविधी कुणाकडून करून घेत असे? बहुतेक ठिकाणी गावच्या ब्राह्मणाकडूनच. उपासक म्हणून त्याची वेगळी ओळख सैल होती. विहाराची देणगी आटली, भिक्खू गेले, की मागे राहिलेल्या घराला "आम्ही बौद्ध" म्हणायला कारण उरत नसे.

जैनांनी इथे वेगळी वाट धरली. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात गृहस्थासाठी गर्भापासूनचे सगळे संस्कार जैन पद्धतीने बसवून दिले. मुंज, लग्न, सगळं. पुरोहितसुद्धा जैनच, त्यांनाच आपण उपाध्ये म्हणतो. पुढे नग्न मुनी कमी झाले तेव्हा भट्टारकांनी म्हणजे जैन मठाधिपतींनी मठ, जमिनी, ग्रंथ सांभाळले. नांदणी आणि कोल्हापूरच्या गाद्या त्यातल्याच. याची किंमत ताई म्हणतात तीच: वर्ण आणि जात आत आली. टिकण्यासाठी त्यांनी ब्राह्मणी समाजाचा ढाचा उचलला, फक्त देव आणि मंत्र आपले ठेवले.

आणखी एक. "वैदिक धर्म इथला मूळचा, बाकीचे आलेले" असं कुणी म्हणायच्या आत सांगते. वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातलं गाव उत्खननात निघालं. तिथला जुना ब्राह्मी लेख वाजपेय यज्ञ केलेल्या ब्राह्मणाचा आहे. तोही उत्तरेकडूनच आलेला आचार. यल्लम्माच्या डोंगरावर त्या आधी कुणाची पूजा होत होती ते लेखात मिळत नाही.

बसवंत_बैलहोंगल
नमस्कार. घरी कन्नड, शाळा मराठी, म्हणून दोन्हीकडचा आणि दोन्हीकडे पाहुणा.

बाराव्या शतकाचा उल्लेख सगळे करतात आणि बसवण्णांना कुणी हाक मारत नाही, म्हणून लिहायला बसलो. अनुराधाबाईंचा मुद्दा पुढे नेतो. राजाश्रय लागतो, देऊळ लागतं, पुरोहित लागतो, ही सगळी गरजच शरणांनी म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी काढून टाकली. इष्टलिंग गळ्यात. देव माणसाबरोबर चालतो, देऊळ पडलं तरी फरक पडत नाही. कायक म्हणजे कष्टाचं काम हीच पूजा, आणि त्यातून आलेलं वाटून द्यायचं तो दासोह. कल्याणला अनुभव मंटपात चांभार, धोबी, नावाडी, सगळे एका चटईवर बसून बोलत होते, वचनं लिहीत होते, ती पण साध्या कन्नडमध्ये.

कल्याणच्या बिज्जळ राजाच्या काळात, शेवटी शेवटी, एका आंतरजातीय लग्नावरून कल्याण पेटलं, शरणांना बाहेर पडावं लागलं. ती वाट आपल्या जिल्ह्यातून जाते. खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला डोहर कक्कय्यांची समाधी आहे. ते चामड्याचं काम करणारे. वचनांच्या पोथ्या घेऊन जाणाऱ्यांचं रक्षण करताना ते पडले असं आमच्याकडे सांगतात. एम. के. हुबळीला मलप्रभेकाठी बसवण्णांच्या पत्नी गंगांबिका यांचं ऐक्यस्थळ म्हणजे समाधी. पुढे चन्नबसवण्णा जंगलातून उळवीला गेले. भारत हुण्णिमेला (माघ पौर्णिमेला) आजही बैलहोंगल, धारवाडकडून बैलगाड्या उळवीला निघतात. आमच्या वडिलांनी ट्रॅक्टर घेतला तरी जत्रेसाठी बैलजोडी ठेवलीय.

तर टिळकवाडीकर, बौद्ध धर्मातली जी माणसं जातीच्या जाचाने तिकडे ओढली गेली असती, त्यांना बाराव्या शतकात इथे दुसरं दार उघडं मिळालं. हे माझं मत.

खानापुरी
कक्केरीचा उल्लेख केल्याबद्दल धन्यवाद बसवंतराव. आमच्या तालुक्यात लोक दांडेलीला जाताना ते गाव ओलांडून जातात, थांबत कुणी नाही.

भीमकन्या_निपाणी
बसवंतदादा, दार उघडं मिळालं खरं. पण पुढे त्या घरातही जंगम (पुरोहित) कोण, बणजिग (व्यापारी) कोण, आणि कक्कय्यांच्या लोकांना कुठे बसवलं, हे पण लिहा.

बसवंत_बैलहोंगल
लिहितो. बसवण्णांनी मोडलं ते नंतर आम्ही परत जोडलं. कक्कय्यांचं नाव घेणारा समाज आज अनुसूचित जातीत मोजला जातो, आणि लिंगायत मठांत त्यांची गादी शोधावी लागते. २०१८ मध्ये राज्य सरकारने लिंगायतांना वेगळ्या धर्माचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली, तेव्हा चर्चा आकड्यांची आणि मतांची झाली, या प्रश्नाची झाली नाही.

सीमावासी
जैन आणि लिंगायतांचं मध्ययुगात जमत नव्हतं ना? हावेरीकडे अब्बलूरला एकांतद रामय्याची गोष्ट आहे, शिर कापून सात दिवसांनी परत जोडलं आणि पैजेत बस्ती घेतली म्हणून. देवळावर लेखच आहे त्याचा.

शेडबाळचा पाटील
होय, आमचे पंडित पण सांगतात ती गोष्ट, खरं वेगळ्या सुरात. आता आमच्या गावात लिंगायतांच्या लग्नाला आम्ही वाढपी आणि आमच्या पंचकल्याणकाला म्हणजे मूर्तिप्रतिष्ठेच्या उत्सवाला ते. ऊस एकाच कारखान्याला जातो.

पुणेस्थित_बेळगावी
पाटील अण्णा, भट्टारकांच्या काळात नग्न मुनी कमी झाले असं बाईंनी लिहिलंय. मग आज इतके दिसतात ते कसे?

शेडबाळचा पाटील
हाच खरा आपल्या भागाचा मान. निपाणीजवळ वेदगंगा आणि दूधगंगा मिळतात तिथं भोज गाव. तिथल्या पाटील घराण्यातले सातगोंडा, जन्म १८७२चा. १९२०ला यरनाळला मुनिदीक्षा घेतली, तेच आचार्य शांतिसागर. त्या वेळी मुनी हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि तेही गावात शिरताना अंगावर वस्त्र घ्यायचे. शांतिसागर महाराजांनी जुन्या शास्त्राप्रमाणे चर्या परत सुरू केली. १९२७ला संघ घेऊन इथून पायी सम्मेदशिखरजीला निघाले, पुढं उत्तर भारतभर फिरले. कित्येक पिढ्यांत तिकडच्या लोकांनी दिगंबर मुनी बघितलाच नव्हता. १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना म्हणजे उपवास करत देह सोडण्याचं व्रत घेतलं, ३६ दिवस.

त्यांच्या मागनं कोथळीचे देशभूषण महाराज, आमच्या शेडबाळचे विद्यानंद महाराज, सदलग्याचे विद्यासागर महाराज. नकाशावर बघा, सगळी गावं एका टप्प्यात. मगधातनं इकडं आलेला धर्म ह्या काठावरनं परत तिकडं चालत गेला.

उद्यमबाग
हे भारी आहे. आणि तेच तिबेटींचं. आठव्या शतकात शांतरक्षित आणि पद्मसंभव इकडून तिकडे गेले, अकराव्या शतकात अतीश गेले. नालंदा संपली. आता ड्रेपुंग आणि गादेन मठ मुंडगोडला, सेरा बैलकुप्प्याला. नालंदेचा वादविवाद ऐकायचा तर हुबळीहून बस पकडायची. भिक्खू टाळी वाजवून प्रश्न विचारतात, बघण्यासारखं असतं.

टिळकवाडीकर
आतापर्यंतच्या चर्चेतून मला जे लागलं ते असं. बौद्ध भिक्खूला जहाजात बसता येत होतं, भिक्षेत मिळेल ते खाता येत होतं, म्हणून तो सिंहलद्वीप, चीन, तिबेट गाठू शकला. फाहियान तर येताना जमिनीवरून आला आणि परत जाताना सिंहलद्वीपावरून समुद्रमार्गे गेला. त्याच मोकळेपणाने भिक्खू गावच्या घरात रुजला नाही. मुनी जाऊ शकत नव्हता, म्हणून घरात रुजला. भीमकन्याताईंचा जातीचा मुद्दा त्याला जोडलेलाच आहे, कारण घरात रुजणं म्हणजे गावाची उतरंड मान्य करणं.

अनुराधा_शहापूर
बरंचसं पटलं. पण इतक्यात गाठ मारू नका. "जैन टिकले" म्हणताना त्यांच्यातलंही कोण टिकलं ते बघा. हलशीच्या ताम्रपटात ज्यांना चातुर्मासाचं जेवण दिलं ते यापनीय होते. हे लोक दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला त्याच जन्मात मोक्ष मिळतो असं श्वेतांबरांप्रमाणे मानत. बेळगाव, सौंदत्ती भागात त्यांचं मोठं ठाणं होतं. आज तो संघ शिल्लक नाही. सदलग्याचेच आ. ने. उपाध्ये यांनी त्यांच्यावर लेखन केलं नसतं तर आपल्याला नावही कळलं नसतं. बेळगावच्या दोड्ड बस्तीतल्या नेमिनाथाच्या मूर्तीच्या पीठावर यापनीयांचा उल्लेख आहे, पूजा दिगंबर करतात.

त्यांचेही मुनी चालतच होते, त्यांनाही श्रावकच जेवायला घालत होते, त्यांनाही राजाने जमीन दिली होती. तरी गेले. तुमचं उत्तर त्यांना लागू पडत नाही.

टिळकवाडीकर
बाई, आता झोप उडवलीत.

भीमकन्या_निपाणी
स्त्रीला मोक्ष मिळतो म्हणणारेच नेमके संपले. नोंद घेतली आहे.

शेडबाळचा पाटील
ताई, आमच्यात आर्यिका माताजी म्हणजे साध्वी आहेत की, त्यांनाही चौका लावतो, नमस्कार करतो.

भीमकन्या_निपाणी
अण्णा, नमस्कार आणि मोक्ष यात अंतर आहे. तुमच्या शास्त्रात त्यांना आधी पुरुषाचा जन्म घ्यावा लागतो ना?

शेडबाळचा पाटील
लागतो. ह्यावर आमची धाकटी सून पण हेच विचारते. उत्तर पंडितांना विचारून सांगतो.

पुणेस्थित_बेळगावी
कमल बस्तीच्या छतातलं लोंबतं कमळ लहानपणी बघितलंय, पण पाकळ्यांवरच्या मूर्ती कुणाच्या ते माहीत नव्हतं. कुणी सांगेल का?

अनुराधा_शहापूर
बहात्तर तीर्थंकर. मागच्या, चालू आणि पुढच्या काळाचे प्रत्येकी चोवीस. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४च्या सुमारास बांधली. आत नेमिनाथ आहेत. खाली आडवं पडून बघावं म्हणजे नीट दिसतं, मुलांना मी तसंच दाखवत असे.

खानापुरी
या रविवारी हलशी आणि कक्केरी करणार आहे, गाडीत दोन जागा आहेत. सकाळी सातला खानापूर स्टँडवर. हलशीत भूवराह नरसिंहाचं देऊळ आणि जुनी बस्ती दोन्ही बघू. पावसात रस्ता खराब असतो, बूट घाला.

बसवंत_बैलहोंगल
एक जागा माझी. एम. के. हुबळीवरून येतो, थोडा उशीर झाला तर थांबा.

कुंदाप्रेमी
दुसरी माझी. पाटील अण्णा, आमच्यासाठी चौका लावणार काय?

शेडबाळचा पाटील
लावतो की. खरं उभ्यानं, ओंजळीत, आणि एकदाच. कुंदा मिळणार नाही.